सेल्फ मारला की नुसतं ‘टक’: जुन्या मॅसीच्या नोंदी

२ जानेवारी

सकाळी साडेसहाला चावी फिरवली. ‘टक’ झालं आणि ट्रॅक्टर गप्प. दुसऱ्यांदा तेवढंही नाही. तिसऱ्यांदा पुन्हा ‘टक’. लाल कांद्याची ट्रॉली रात्रीच भरून ठेवली होती, लासलगावला वेळेत लागायचं होतं. ट्रॉली सोडवून चौघांनी ढकलला, उतार लागल्यावर क्लच सोडला, तेव्हा कुठे धूर ओकत उठला. बाजारात नंबर येईपर्यंत इंजिन बंद केलं नाही. डिझेल जळताना दिसत होतं, पण तिथे ढकलायला कोणाला बोलावणार?

मॅसी १०३५, तीन सिलिंडर, १९८८ सालचा. इंजिनाबद्दल तक्रार नाही. ढकलला की लगेच पेट घेतो, म्हणजे डिझेल, नोझल, कॉम्प्रेशन यांचा यात संबंध नाही. जे काय आहे ते सेल्फच्या, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरच्या, बाजूला.

याच दुखण्यावर गेल्या दीड वर्षात नवी बॅटरी झाली, चावीचा स्विच झाला, सेल्फचे कार्बन आणि बुश झाले, निगेटिव्हची केबलही बदलून झाली. दर वेळी चार महिने बरे जातात आणि मग पहिले पाढे पंचावन्न. आज वायरमनला फोन केला तर त्याने लांबूनच सांगितलं, “सेल्फ पूर्ण खोलावा लागेल, साडेचार हजार धरा.” तात्या म्हणतात बॅटरीच गेली. मी ठरवलंय, मोजल्याशिवाय रुपया घालायचा नाही आणि मोजलेलं सगळं या वहीत लिहायचं.

२ जानेवारी, रात्री

मोटर चालू करायला मळ्यात आलोय, लाइट यायला अजून वीस मिनिटं आहेत. तोवर आवाजाचं लिहून ठेवतो. “चालू होत नाही” एवढं सांगून कोणाला काही कळत नाही.

चावी फिरवली आणि काहीच आवाज नाही, तर सोलेनॉइडपर्यंत, म्हणजे चावीच्या हुकमावर सेल्फला करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचपर्यंत, करंट पोहोचतच नाही. एकच ठणठणीत ‘टक’ आणि पुढे शांत, तर सोलेनॉइड ओढतोय पण त्याच्या आतली तांब्याची चकती जळलेली असेल किंवा सेल्फ जाम असेल. ‘टकटकटकटक’ अशी घुंगरासारखी थरथर, तर सोलेनॉइड धरतोय-सोडतोय, म्हणजे भार आला की व्होल्टेज कोसळतंय. आणि ‘घुर्र… घुर्र…’ असं दमेकऱ्यासारखं फिरणं, तर करंट जातोय पण पुरेसा नाही. आमच्याकडे पहिला आणि दुसरा प्रकार आलटून पालटून होतोय, आणि ‘टक’सुद्धा ठणठणीत नाही, मरगळलेला.

३ जानेवारी

निफाडातून साडेतीनशेचा मल्टिमीटर आणि बॅटरीतल्या पाण्याची (ॲसिडची) घनता मोजणारा एक हायड्रोमीटर आणला.

आधी बॅटरी, म्हणजे तात्यांचं समाधान. रात्रभर ट्रॅक्टर उभा होता, म्हणून सकाळचं माप खरं. इंजिन नुकतंच बंद करून मोजलं तर बॅटरी फुगवून सांगते. मीटरवर १२.४. पूर्ण भरलेली १२.६ ते १२.७ दाखवते आणि १२.२ला अर्धी झालेली असते, म्हणजे आमची पाऊण भरलेली. मग सहाही घरांची झाकणं काढून हायड्रोमीटरने पाणी ओढलं: १२३५, १२४०, १२४०, १२३०, १२४०, १२३५. एखादं घर मेलं असतं तर तिथे आकडा धाडकन खाली आला असता. इथे सगळी भावंडं सारखी आहेत. दोन घरांत प्लेटा जेमतेम बुडालेल्या होत्या, तिथे डिस्टिल्ड वॉटर घातलं.

खरी परीक्षा भाराखाली. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड, इंजिन बंद करायचा दांडा बाहेर ओढून ठेवला म्हणजे चुकून पेट घेणार नाही. पुतण्याला सीटवर बसवलं. मीटरची टोकं क्लॅम्पवर न ठेवता बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवरच टेकवली. “मार!” म्हटलं. टक. मीटर १२.२.

हा आकडा बघून मला बरं वाटलं आणि तात्यांना वाईट. बॅटरी मेली असती तर सेल्फ मारताच ती आठ-सहावर आली असती. ती १२.२वर निवांत बसली आहे, याचा अर्थ तिच्याकडे कोणी काही मागतच नाही. डिझेलच्या सेल्फला फिरताना दीडशे-दोनशे अँपिअर लागतात. ते मागणंच पोहोचत नाहीये.

“मग पाणी मुरतंय कुठे?” तात्या.

“तेच शोधायचंय.”

संध्याकाळी बारीक तारेची वाट तपासली. चावीतून निघून हाय-लो गिअरच्या दांड्याखालच्या सेफ्टी स्विचमधून सोलेनॉइडच्या छोट्या बोल्टला जाते ती. दांडा न्यूट्रलला असल्याशिवाय सेल्फ लागू नये म्हणून तो स्विच असतो. मीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला बांधून टाकलं आणि लाल टोक घेऊन एकेका ठिकाणी टेकवत गेलो. दर वेळी पुतण्या चावी मारतोय. बॅटरीवर १२.२. चावीत शिरताना ११.६. चावीतून बाहेर पडताना १०.४. सेफ्टी स्विचच्या पुढे ८.२. सोलेनॉइडच्या बोल्टवर ८.१.

विहिरीवर लांबची बारीक केबल टाकली की पेटीत व्होल्टेज पूर्ण आणि मोटरवर रडकं, तसाच हा प्रकार. सोलेनॉइडला ओढून घेताना क्षणभर तीसेक अँपिअर लागतात. छत्तीस वर्षांच्या तारेत, गंजलेल्या जोडांत चार व्होल्ट तिथेच खर्च झाले. म्हणून तो मरगळलेला ‘टक’.

जाता जाता काळं टोक सेल्फच्या अंगाला लावून पुन्हा एक माप घेतलं: ८.१च्या जागी ७.४. लिहून ठेवतो. अंधार पडला, बास.

४ जानेवारी

सेफ्टी स्विच काढला. स्विच धड, त्याच्या तारांचे जोड हिरवे. एका जोडात पाचपैकी दोनच धागे शिल्लक होते, बाकीचे हिरव्या पिठाचे झालेले. चाकूने खरवडून नवीन लग, म्हणजे तारेच्या टोकाला बसणारे धातूचे जोड, दाबले.

वायरमन मंडळी अशा वेळी सेफ्टी स्विचच्या दोन्ही तारा पिळून एकत्र करून टेप मारतात, “कटकटच नको”. ते मी करणार नाही. आमच्याच वस्तीवर एकाने खाली उभं राहून स्क्रूड्रायव्हरने सेल्फचे दोन बोल्ट जोडले, ट्रॅक्टर गिअरमध्ये होता. चालू झाला आणि निघाला. तो माणूस मागे पडला म्हणून वाचला, चाक त्याच्या चपलेवरून गेलं. चप्पल बरेच दिवस बांधावर पडलेली होती, कोणी उचलली नाही.

चावीतही थोडं मुरतंय, पण नवीन चावी सहा महिन्यांपूर्वीचीच. तिच्यावर तीस अँपिअरचा बोजा टाकायचाच कशाला? रिले बसवायची, म्हणजे बारीक करंटच्या हुकमावर मोठा करंट जोडणारा स्विच. सत्तर अँपिअरची घेतली, हॉर्नची छोटी नको. जाड तार बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून सेल्फच्या मोठ्या बोल्टला येते, तिथूनच फ्यूज लावून रिलेच्या ३० नंबरला. ८७ नंबरवरून सोलेनॉइडच्या छोट्या बोल्टला. चावी आणि सेफ्टी स्विचमधून आलेली जुनी तार आता ८६ला, आणि ८५ अर्थिंगला, म्हणजे ट्रॅक्टरच्या अंगाला. जुन्या तारेने आता फक्त रिलेला हुकूम द्यायचा, ओझं वाहायचं नाही. काम करण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह सोडलं, शेवटी जोडलं. उलट केलं आणि पाना पत्र्याला लागला तर डोळ्यांसमोर काजवे दिसतात, अनुभव आहे.

दुपारी दोनला चावी मारली. टण्ण! आणि घुर्र… घुर्र… धडधडधड. चालू. पुतण्याने शिट्टी मारली. फिरताना थोडा जड वाटला, पण चालू झाला ना.

खर्च: रिले, फ्यूज, तार, लग मिळून ४१० रुपये.

६ जानेवारी

दोन दिवस बरं. दोन्ही वेळा दुपारचं काम होतं.

इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठीक आहे. तो विषय संपला.

९ जानेवारी

संपला म्हणतोय तोवर हे. निफाडची जानेवारीतली थंडी माहीत असलेल्याला सांगायला नको. द्राक्षाच्या पानांवर दव गोठतं की काय म्हणून लोक बागेत शेकोट्या करतात, तशी सकाळ. चावी मारली: टकटकटकटकटक. आवाज बदलला! परवापर्यंतचा मरगळलेला ‘टक’ नाही, थरथर. पुन्हा मारल्यावर एकदा ‘घुर्र…’ अर्धी फेरी, मग थरथर.

तात्या काही बोलले नाहीत. ओट्यावर बसून तंबाखू मळत राहिले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

बॅटरी रात्रभर चार्जरला लावलेलीच होती, सकाळी १२.६ होती. मग वही उघडली. ३ तारखेचं पान वाचत गेलो आणि शेवटच्या ओळीशी थांबलो. “८.१च्या जागी ७.४.”

एकच बोल्ट, एकच क्षण. काळं टोक बॅटरीच्या खुंटीला लावलं तर ८.१, सेल्फच्या अंगाला लावलं तर ७.४. मधले ०.७ व्होल्ट गेले कुठे? सेल्फच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतच्या परतीच्या वाटेत. मी येणारी वाट सगळी झाडून काढली आणि जाणाऱ्या वाटेकडे बघितलंच नाही. बरं, ते ०.७ तेव्हा तीसेक अँपिअरला मुरत होते. मग दोनशे अँपिअर वाहिले की किती मुरणार? त्रैराशिक मांडलं तर साडेचार-पावणेपाच व्होल्ट. आकडा सहा दिवस वहीत पडून होता आणि मी रिलेचं कौतुक करत फिरत होतो.

थरथरीचंही कोडं सुटलं. रिलेमुळे सोलेनॉइड आता झटक्यात ओढतो. ओढला की सेल्फला मोठा करंट सुटतो, परतीची वाट अडलेली, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सोडतो. सोडला की व्होल्टेज परत वर, पुन्हा ओढतो. दारावरची जुनी विजेची घंटा वाजते ती याच खेळावर. दुपारी इंजिन ऊबदार असतं, तेल पातळ असतं, कमी ताकदीत निभावतं. पहाटे निभावत नाही.

१० जानेवारी

आज परतीची वाट. पुन्हा दगड, न्यूट्रल, बंदचा दांडा ओढलेला. पुतण्याला शाळा होती, सीटवर आई. “मार म्हणालो की मारायची आणि तीन मोजून सोडायची” एवढं सांगितलं. तिने सगळ्यांपेक्षा नीट केलं.

उन्हं वर आल्यावर सेल्फ घुर्र घुर्र फिरायला लागला, म्हणजे मापं घेण्याजोगा. फिरत असताना बॅटरीच्या दोन खुंट्यांत १०.६. सेल्फच्या मोठ्या बोल्टवर आणि त्याच्या अंगावर फक्त ५.७. बारा व्होल्टच्या सेल्फला पावणेसहा! पॉझिटिव्ह खुंटीपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत ०.४, ते चालतं. निगेटिव्ह खुंटीपासून सेल्फच्या अंगापर्यंत ४.५. बेरीज करून बघितली: ५.७ आणि ०.४ आणि ४.५, बरोबर १०.६. मापं खरी आहेत.

आता ते ४.५ तोडून बघायचे. खुंटी ते क्लॅम्प ०.१. क्लॅम्प ते केबलचं पलीकडचं टोक १.६. ते टोक ते ज्या पट्टीला बोल्टने आवळलंय ती पट्टी, २.६. पट्टी ते इंजिन ०.२. इंजिन ते सेल्फ शून्य.

दोन बोटांच्या अंतरात २.६ व्होल्ट! हात लावला तर बोल्ट चहाच्या पेल्याइतका गरम. थंडीत त्यावर हात शेकावा असा.

पाना लावला. बोल्ट सुटला, लग उचलला आणि खाली लालभडक रंग. दसऱ्याला तात्यांनी ट्रॅक्टर रंगवून घेतला होता. रंगाऱ्याने केबल सोडली, पट्टी छान रंगवली, रंग वाळल्यावर केबल परत आवळली. लगच्या खाली रंगाची सलग साय. करंट जात होता तो फक्त बोल्टच्या आट्यांतून. पूजेचं कुंकू अजून त्याच पट्टीच्या कोपऱ्यात आहे.

मग केबल. दिसायला मनगटाएवढी जाड, काळी, दणकट. वायरमन गेल्या वर्षी म्हणाला होता, “वेल्डिंगची केबल टाकली, जन्मभर बघायला नको.” रबर चिरलं तर आत तांबडं काही नाही, सगळं पांढरं. ॲल्युमिनियम! त्याला तांब्याचा लग हातोडीने चेपून बसवलेला. लगच्या तोंडाशी पांढरं पीठ. चिमटीत धरून पिळलं तर निम्मे धागे तुटून हातात आले. ॲल्युमिनियम वेल्डिंगला वाईट नाही, पण इथे ओल, ॲसिडची वाफ आणि तांब्याशी संसार, तो टिकत नाही.

याच केबलला मी ३ तारखेला मीटर ओहमवर ठेवून बघितलं होतं, पीप वाजला होता, “केबल ओके” म्हणून सोडून दिली होती. वहीत लिहिलंही नव्हतं. मीटर तपासायला चिमूटभर करंट सोडतो, तो एका धाग्यातूनही सुखाने जातो. दोनशे अँपिअर जाताना काय होतं ते फक्त दोनशे अँपिअर पाठवूनच कळतं. शिवाय आपल्याला शोधायचा अडथळा आहे ०.०२ ओहमचा, आणि या मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवली तरी तो ०.३ दाखवतो.

११ जानेवारी

तांब्याची ३५ चौरस मिलिमीटरची केबल, अडीच फूट, दुकानातच हायड्रॉलिक प्रेसने लग दाबून घेतले. ६८० रुपये. दुकानदाराने “तीच वेल्डिंगची घ्या, निम्म्यात होईल” असा आग्रह केला. मी जुन्या केबलचा तुकडा खिशात नेला होता, तो काउंटरवर ठेवला.

पट्टीचा रंग ग्राइंडरला वायर ब्रश लावून उडवला, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत. दातेरी वायसर घातला, आवळला, आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीस. आधी ग्रीस नाही. पट्टीवरही पूर्ण भरवसा नको म्हणून तिच्यापासून सेल्फ इंजिनाला आवळणाऱ्या बोल्टपर्यंत एक तांब्याची चपटी विणलेली पट्टी वेगळी टाकली. खुंट्यांवरचं पांढरं-हिरवं गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुतलं, पुसून व्हॅसलिन.

सेल्फ मारला. घुर्र नाही, धड एकसारखं ‘गर्रर्र’. आईने तीन मोजायच्या आत सोडलं, तिला वाटलं काहीतरी बिघडलं.

मापं: बॅटरीवर १०.२, पॉझिटिव्हमध्ये ०.५, निगेटिव्हमध्ये ०.२, सेल्फला ९.५. बॅटरीचा आकडा आधीपेक्षा खाली आला म्हणून तात्यांनी भुवई उचलली. सांगितलं, आता सेल्फ पोटभर मागतोय, म्हणून ती थोडी जास्त वाकते. ९.६च्या वर आहे तोवर काळजी नाही.

१२ जानेवारी

पहाटे साडेसहा, थंडी तशीच. पहिल्या चावीला चालू. एकदा बंद करून पुन्हा. चालू.

१५ जानेवारी

चार सकाळी झाल्या, एकदाही चुकला नाही. रात्री मात्र तात्या ट्रॅक्टर अजूनही उतारावरच लावतात. मी सांगत नाही काही.

एकूण खर्च मीटर, हायड्रोमीटर धरून दीड हजाराच्या आसपास. सेल्फ उतरवलासुद्धा नाही. दीड वर्षापूर्वीची ती जुनी बॅटरी बहुधा चांगली होती, भंगारात घातली.

राहिलेलं काम: चावीच्या आत शिरताना जे ०.६ मुरतात ते अजून तसेच आहेत. आता रिले असल्यामुळे सेल्फला फरक पडत नाही, पण हेडलाइट पिवळट आहेत ते त्याच वाटेवर. कांदा संपला की डॅशबोर्ड खोलायचा. ॲल्युमिनियमची केबल तात्यांनी “कामाला येईल” म्हणून गोठ्यातल्या खुंटीला टांगून ठेवली आहे. मीटर पुतण्याने नेलाय, त्यांच्या मोटरसायकलचा हॉर्न वाजत नाही.